विश्लेषण : ऑलिम्पिक गाजवणारा स्ट्रायकर मीरा-भाईंदरच्या टर्फवर घडेल का?

मीरा-भाईंदरमध्ये संध्याकाळ झाली की जाळीबंद टर्फवर मुलांची गर्दी होते. फुटबॉलचे वेड आहे, पालकांची पैसे मोजण्याची तयारीही आहे. मग या शहरातून मोठा फॉरवर्ड निघायला अडचण कोणती? त्याचे उत्तर मुंबईच्याच एका खेळाडूच्या कारकिर्दीत सापडते.

नेव्हिल डिसोझा कोण होते?

मूळचे गोव्याचे, मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेले आघाडीचे खेळाडू. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातील तीन गोल नेव्हिल यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. चारच वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये हेलसिंकीत, याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुतले होते. मेलबर्नचा सामना भारताने १-४ असा गमावला आणि अखेर चौथे स्थान मिळाले. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारे ठरले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. आज शहरातल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

त्या गोलांमागे कोणती व्यवस्था होती?

नेव्हिल टाटांच्या संघातून खेळले. तेव्हाच्या मुंबईत कंपन्यांचे संघ हा फुटबॉलचा कणा होता. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे आणि खेळ थांबला तरी पगार थांबत नसे. लीगमुळे वर्षानुवर्षे नियमित सामने होत. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी देशभरातील संघ कूपरेजवर येत. घरात पगार आणि हंगामभर सामने, या दोन आधारांवर फॉरवर्ड उभा राहत असे.

पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स असे संघ इतिहासजमा झाले. रोव्हर्स चषक थांबला. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडही बंद झाला. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमुळे मोजक्या खेळाडूंना मोठे करार मिळू लागले. पण त्यांच्या खालच्या पायरीवरील खेळाडूला सांभाळणारी नोकरी गेली ती गेलीच.

इंग्लंडमध्ये तरी वेगळे होते का?

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिव्हियन वुडवर्ड हा इंग्लंडचा गाजलेला फॉरवर्ड. टॉटनहॅम आणि चेल्सीकडून तो खेळला. इंग्लंडच्या मुख्य संघासाठी २३ सामन्यांत त्याचे २९ गोल आहेत. १९०८ आणि १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघांचा तो कर्णधार होता. तरीही तो हौशी खेळाडू राहिला, कारण वास्तुरचनाकाराचा व्यवसाय हाताशी होता. व्यावसायिक खेळाडूंवर मात्र १९०१ पासून आठवड्याला कमाल चार पौंडांची वेतनमर्यादा होती. म्हणजे तेव्हाही प्रतिभेला पोटापाण्याची जोड लागतच होती.

टर्फवर खेळून भागणार नाही का?

चेंडूवरचा ताबा, झटपट पास यांसाठी टर्फ उत्तमच. पण फॉरवर्डचे खरे कसब असते ते बचावफळीच्या मागे नेमक्या क्षणी धावण्यात. त्यासाठी ऑफसाइडची रेषा ओळखावी लागते. १९२५ पूर्वी फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. मग ही संख्या दोनवर आली आणि फॉरवर्डचा खेळच बदलला. पाच-सहा जणांच्या टर्फवरील खेळात बहुधा ऑफसाइड नसतोच. धावायला शंभर मीटरचे मैदानही नसते. शिवाय टर्फ तासाच्या भाड्याने मिळते. ज्याच्या घरी तेवढे पैसे नाहीत, तो मुलगा जाळीबाहेरच राहतो.

मीरा-भाईंदरने काय करावे?

२०११ च्या जनगणनेनुसारच आठ लाखांहून अधिक लोकसंख्येचे हे शहर आहे. येथे निदान एक पूर्ण आकाराचे फुटबॉल मैदान सभा-मेळावे आणि मंडपांपासून मुक्त असायला हवे. सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास शाळकरी मुलांसाठी विनाशुल्क ठेवावेत. दोन दिवसांच्या नॉकआउट स्पर्धेत हरलेला संघ पहिल्याच दिवशी घरी जातो; त्याऐवजी महापालिकेने शाळांची काही महिने चालणारी लीग घ्यावी आणि सामन्यांच्या नोंदी जपाव्यात.

मुद्दा नोकरीचाही आहे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी लागते. टर्फवरच्या चषकाने ते दार उघडत नाही. म्हणून स्थानिक मुलांना जिल्हा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धांपर्यंत नेणारी वाट हवी. शहरातील कंपन्यांनी चार-पाच खेळाडूंना जरी नोकरीत घेतले, तरी जुन्या मुंबईचा एक चांगला धडा पुन्हा गिरवला जाईल.

नेव्हिल यांच्यासारखी प्रतिभा नगरपालिकेच्या ठरावाने जन्माला येत नाही, हे खरे. पण ती जन्मली तर तिला धावायला जागा मिळेल की नाही, हे मात्र ठरावानेच ठरते.