अजिंठ्याचं स्टेशन जळगाव, मग पर्यटनातली नोकरी पुण्यात का?

पहाटेच्या गाडीनं पर्यटक जळगावला उतरतात. स्टेशनबाहेर चहा घेतात, गाडी ठरवतात आणि थेट फर्दापूर गाठतात. दिवसभर अजिंठ्याची लेणी पाहतात. संध्याकाळी काही जण पुन्हा जळगावला येऊन परतीची गाडी पकडतात, तर बरेच जण पुढे छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला जातात. जळगावच्या वाट्याला काय येतं? चहा, गाडीभाडं आणि फार तर एखादं जेवण.

अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि जळगावपासून साधारण ६०. लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे संभाजीनगर जिल्ह्यात येतात. पण तिथं जायला सर्वात जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जळगावच. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं स्थळ दाराशी असूनही जळगाव आणि धुळ्यातले तरुण पर्यटन किंवा हॉटेल व्यवस्थापन शिकायला पुण्या-मुंबईची वाट धरतात आणि नोकरीलाही तिकडेच राहतात.

हे बदलू शकतं का? व्यावसायिक शिक्षणाचा त्यात किती वाटा असेल? आणि बारावीनंतर या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्यांनी काय तपासून घ्यायला हवं? समजून घेऊया.

हा विषय आत्ताच का?

कारण खान्देशात पोहोचण्याचे रस्ते बदलत आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग अजिंठ्याला रेल्वेच्या नकाशावर आणणार आहे. पुढच्याच महिन्यात ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग मंजूर झाला. तो धुळे आणि शिरपूरच्या पट्ट्यातून जाईल. एप्रिल २०२४ पासून जळगाव विमानतळावरून गोवा आणि हैदराबादसाठी पुन्हा विमानं उडू लागली.

त्याच वर्षी राज्य सरकारनं नवं पर्यटन धोरण आणलं. दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणि सुमारे १८ लाख रोजगार असं त्याचं उद्दिष्ट आहे.

पण रेल्वेमार्ग दुधारी असतो. जालना-जळगाव मार्ग झाला की पर्यटक खान्देशात जास्त येतील, तसे ते न थांबता लवकर निघूनही जाऊ शकतील. त्यांना एक रात्र थांबवणारं कुणी इथं तयार आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रगत व्यावसायिक शिक्षण म्हणजे नेमकं काय?

व्यावसायिक शिक्षण म्हटलं की अनेकांना आयटीआयमधला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन आठवतो. पण पदवीच्या पातळीवरही असं शिक्षण मिळतं. त्याचा सर्वात ठळक प्रकार म्हणजे बी.व्होक., अर्थात बॅचलर ऑफ व्होकेशन. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१४ मध्ये ही योजना सुरू केली.

तिची रचना जिन्यासारखी आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर डिप्लोमा, दुसऱ्या वर्षानंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी. घरची अडचण आली, मधेच नोकरी मिळाली, तरी हात रिकामे राहत नाहीत.

दुसरा फरक अभ्यासक्रमाच्या वाटणीत आहे. साधारण ६० टक्के भाग कौशल्यांचा आणि ४० टक्के भाग भाषा, संवाद, हिशेब अशा सामान्य विषयांचा. कौशल्यांचा भाग फळ्यावर शिकवून भागत नाही. हॉटेलचा फ्रंट ऑफिस, ट्रॅव्हल कंपनीचं बुकिंग काउंटर, प्रत्यक्ष सहल अशा ठिकाणी काम करूनच तो पूर्ण करायचा असतो.

जिथं ‘कोणत्याही शाखेची पदवी’ चालते, अशा स्पर्धा परीक्षांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.व्होक. पदवीही चालते. म्हणजे एमपीएससीचा दरवाजा बंद होत नाही.

आणखी एक वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांनाही व्यावसायिक कौशल्याचे पेपर आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथला इतिहासाचा किंवा मराठीचा विद्यार्थी आपले कौशल्याचे पेपर पर्यटनाकडे वळवू शकला, तर वेगळी पदवी न घेताही या क्षेत्राची तोंडओळख होते.

यात शिकवतात तरी काय?

एका उदाहरणानं पाहूया. समजा, सुरतहून १६ जणांचा गट तीन दिवसांसाठी येतोय. शनिवारी दुपारी जळगाव, सोमवारी रात्री परत. सहल आखायची आहे.

नवखा माणूस काय करेल? शनिवारी आराम, रविवारी जवळची देवस्थानं आणि सोमवारी सावकाश अजिंठा. झाली फजिती. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. सहलीचं मुख्य आकर्षणच हातचं गेलं.

शिकलेला माणूस अजिंठा रविवारी ठेवतो. खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर शटल बसनं जावं लागतं, हे तो वेळापत्रकात धरतो. गटात गुडघेदुखीवाले आजी-आजोबा असतील तर लेण्यांच्या पायऱ्यांसाठी काय सोय करता येईल, हे आधीच विचारून ठेवतो. आत फ्लॅश मारून फोटो काढता येत नाहीत, हे बसमध्येच सांगतो.

मग येतो पैशांचा भाग. गाडी, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, खोल्या, जेवण, प्रवेश तिकिटं, गाइडची फी, जीएसटी आणि आपला नफा. १६ पैकी दोघं ऐनवेळी गळाले तर? गाडीचं भाडं तेवढंच राहतं, पण भरणारी डोकी कमी होतात. हा हिशेब आधी न केलेला आयोजक खिशातून पैसे घालतो.

सहल आखणं, खर्च काढणं, बुकिंगचं सॉफ्टवेअर, ग्राहकाशी बोलणं, तक्रार आल्यावर ती मिटवणं, ऑनलाइन रेटिंग सांभाळणं आणि अपघात किंवा आजारपणात काय करायचं ते माहीत असणं, हा या शिक्षणाचा गाभा. घाटांची, लेण्यांची माहिती त्यानंतर येते.

पण खान्देशात दाखवायला आहे काय?

भरपूर आहे, पण विखुरलेलं.

चाळीसगावजवळ पाटणादेवी आणि गौताळ्याचं जंगल आहे. याच परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवानं मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख आहे. तिथून पुढे पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे.

अमळनेरला साने गुरुजींनी ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं ती शाळा आहे आणि तत्त्वज्ञानाचं जुनं केंद्रही. आज जगभर पसरलेल्या विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तेलाच्या कारखान्यानं झाली. जळगावात २०१२ मध्ये सुरू झालेलं गांधी तीर्थ आहे. मुक्ताईनगरला संत मुक्ताई आणि चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावानं १९२७ मध्ये सुरू झालेलं संशोधन मंडळ आणि रामदासी हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. लळिंग, सोनगीर, भामेरचे किल्ले, बळसाण्याची जुनी मंदिरं आणि पांझरेच्या काठची फड पद्धतीची सिंचन व्यवस्थाही आहे. ही व्यवस्था शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

आणि खाणं? जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत पार्ट्या, कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे हे सगळं पर्यटकाला एक रात्र थांबवण्याइतकं दमदार आहे. पण अनोळखी पाहुण्याला ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात आणि स्वच्छ स्वच्छतागृहासह देणारे थोडे आहेत. शिक्षणाची गरज नेमकी इथं आहे.

नोकऱ्या आहेत का? खरं उत्तर

आहेत, पण जाहिरातीत दिसतात तशा नाहीत.

जळगाव-धुळ्यातले बहुतेक ट्रॅव्हल व्यावसायिक इथल्या लोकांना बाहेर नेतात: चारधाम, काश्मीर, केरळ, दुबई. म्हणजे खान्देशातला पैसा बाहेर जातो. बाहेरचा पाहुणा इथं आणून त्याला फिरवण्याचा धंदा त्यामानानं फारच लहान आहे. त्यामुळे स्थानिक पातळीवर पहिली नोकरी मिळते ती बुकिंग काउंटरवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा समारंभ-व्यवस्थापनात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि सणासुदीला सुट्टी मिळत नाही, कारण इतरांची सुट्टी हाच इथला हंगाम असतो.

दुसरी अडचण हवामानाची. ऑक्टोबर ते मार्च हा मुख्य हंगाम. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि पर्यटक आटतात. रोजावर काम करणाऱ्या गाइडला ते महिने कोरडे जातात. म्हणून एकाच कौशल्यावर विसंबून चालत नाही. हंगामात गाइड आणि उन्हाळ्यात बाहेरच्या सहलींचा व्यवस्थापक, असं दुहेरी काम करता येणारा टिकतो.

तिसरी अडचण भाषेची. अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंका इथून बौद्ध यात्रेकरू येतात. इंग्रजी तर हवंच; पण त्यापलीकडे एखादी आशियाई भाषा येणाऱ्याची किंमत वेगळी असते. ती शिकण्याची सोय मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. दुसरीकडे, अहिराणीत गावाशी बोलणारा आणि इंग्रजीत पाहुण्याशी बोलणारा मुलगा किंवा मुलगी ही खान्देशाचीच खासियत होऊ शकते. पुण्याहून आणलेला मॅनेजर ते करू शकत नाही.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर?

राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेताशेजारी पाहुण्यांची सोय करणाऱ्या शेतकऱ्याला त्याखाली नोंदणी करता येते. २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा देण्याची त्यात तरतूद आहे.

मुलींच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हॉटेलमधली रात्रपाळी म्हटली की अनेक घरांत विषय तिथेच संपतो. घराजवळचं होम-स्टे, शेतावरचं जेवण किंवा फक्त महिलांच्या सहली हे पर्याय घरच्यांना पटवायला सोपे जातात. पण कर्ज मिळालं म्हणून व्यवसाय चालतोच असं नाही. सुरतच्या गटाचा हिशेब करता येणं त्याच्याआधी येतं.

प्रवेश घेण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. पदवी किंवा डिप्लोमा कोण देणार? विद्यापीठ, की फक्त संस्थेचं नाव छापलेलं प्रमाणपत्र?

२. प्रत्यक्ष कामाचे किती महिने आणि कुठे? ज्या हॉटेलशी किंवा कंपनीशी करार आहे, त्यांची नावं मागा.

३. त्या काळात विद्यावेतन मिळतं का? केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलतं. संस्थेनं ती वापरली आहे का?

४. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः या क्षेत्रात काम केलंय?

५. मागच्या दोन बॅचमधले विद्यार्थी आज काय करतात? आकड्यांपेक्षा दोन-तीन जणांशी थेट बोला.

६. एक वर्षानंतर बाहेर पडलो तर हातात काय राहील आणि पुन्हा परत येता येईल का?

‘शंभर टक्के नोकरी’, ‘थेट एअरलाइनमध्ये’ असं सांगत पूर्ण फी आधी मागणारी संस्था दिसली, तर वरचे प्रश्न दोनदा विचारा.

मग चित्र बदलणार कसं?

फक्त अभ्यासक्रम काढून नाही. महाविद्यालयानं वर्ग भरवला आणि जिल्ह्यात सरावाला हॉटेल मिळालं नाही, तर तो वर्ग काही वर्षांत बंद पडतो. उलट हॉटेल उभं राहिलं आणि शिकलेले हात मिळाले नाहीत, तर मालक बाहेरून माणसं आणतो. दोन्ही एकत्र जुळावं लागतं.

सुरुवात लहान असू शकते. जळगाव-अजिंठा-पाटणादेवी असा दोन रात्रींचा एक मार्ग आणि धुळे-लळिंग-भामेर असा दुसरा. विद्यार्थी तो प्रशिक्षणाचा भाग म्हणून आखतील, स्थानिक व्यावसायिक विकतील आणि गावातले बचतगट जेवण देतील. पर्यटक एक रात्र थांबला की हॉटेल, रिक्षा, भाजीवाला आणि गाइड अशा सगळ्यांच्या हातात थोडा पैसा येतो.

नव्या मार्गावरची पहिली गाडी अजिंठ्याकडे निघायला अजून काही वर्षं आहेत. आज बारावीत असलेल्या मुलांना तीन वर्षांची पदवी घेऊन त्याआधी हाताला अनुभव लावून घेता येईल, एवढा हा वेळ आहे.