बोलण्याचे वजन

परीक्षा देऊन मुलगी घरी येते. वडील त्या दिवशी दुकानातून लवकर परतलेले असतात. ‘कसे झाले गं?’ या प्रश्नाला ती उत्तर देते, ‘बाबा, त्या बाई कशालाच चांगले म्हणाल्या नाहीत. मी आजोबांच्या दुकानाविषयी सांगत होते, इतक्यात मध्येच थँक यू म्हणून मला थांबवले.’ घरात शांतता पसरते. भरलेली फी, क्लासचे महिने, परदेशातील विद्यापीठाची मुदत, साऱ्यांचा हिशेब प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी होतो आणि प्रत्येक जण एकाच निष्कर्षावर येतो: तोंडी परीक्षा बिघडली.

आयईएलटीएस, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘आयेल्ट्स’, ही परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या घरी हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. निष्कर्ष मात्र पुष्कळदा घाईचा असतो. वेळ संपताच थांबवणे हे त्या परीक्षक बाईंचे कर्तव्य होते आणि पसंती अथवा नापसंती न दाखवणे ही त्यांच्या कामाची शिस्त होती. हे नीट उमगण्यासाठी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर क्षणभर बसून पाहिले पाहिजे.

परक्या भाषेतील बोलणे मोजावे कसे, हा प्रश्न जुना आहे. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठी केंब्रिजने १९१३ मध्ये पहिली प्रावीण्य परीक्षा घेतली. एकूण सुमारे १२ तासांच्या त्या परीक्षेत श्रुतलेखनासाठी अर्धा तास आणि प्रकट वाचन व संभाषण यांसाठी अर्धा तास राखलेला होता. परीक्षेला तीन जण बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. अमेरिकेतील टोफेल ही परीक्षा १९६४ मध्ये सुरू झाली. पण २००५ मध्ये ती इंटरनेटवरून होऊ लागेपर्यंत मुख्य परीक्षेत बोलण्याचा भागच नव्हता. त्यामागची अडचण व्यापाऱ्याला सहज कळेल. कागदावरील उत्तर हे तिजोरीत ठेवलेल्या मालासारखे असते. केव्हाही काढावे, पुन्हा मोजावे. बोलणे उच्चारले की विरून जाते. शिवाय ते मोजणारा तराजू हा स्वतः एक माणूस असतो. त्याला थकवा येतो, त्याच्या आवडीनिवडी असतात आणि पहिल्या क्षणाच्या छापेतून सुटणे त्यालाही कठीण जाते.

या मानवी तराजूचे दोष परीक्षाशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. कोणी परीक्षक मुळात हात आखडून गुण देतो, तर कोणी सैल हाताने. लागोपाठ दोन उत्तम उमेदवार होऊन गेले की तिसरा मध्यम उमेदवार उगाच दुबळा भासतो. एखाद्याचा उच्चार मोहक असला की त्याच्या व्याकरणातील चुका कानाआड होतात. आणखी एक दोष दयेतून येतो. समोरचा अडखळला की चांगला माणूस त्याला शब्द पुरवतो, प्रश्न सोपा करून विचारतो. मदत मिळालेल्याचे पारडे खाली जाते आणि दुसऱ्या खोलीत मदत न मिळालेल्यावर नकळत अन्याय होतो.

दुकानात रिकाम्या भांड्याचा आधी धडा करतात आणि मगच माल घालतात. परीक्षकालाही स्वतःचा असा धडा करावा लागतो. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिची बांधणी या धड्यासाठीच केलेली आहे. पहिल्या भागात चार ते पाच मिनिटे घर, शिक्षण, आवडीनिवडी अशा परिचित विषयांवर प्रश्न होतात. दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड हाती मिळते. एक मिनिट तयारीला आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने चार ते पाच मिनिटे अधिक व्यापक चर्चा होते. २००१ मध्ये या परीक्षेची फेररचना झाली, तेव्हापासून परीक्षकाने कोणते शब्द उच्चारावेत याचाही आराखडा ठरवून देण्यात आला. पहिल्या भागात तो प्रश्न पुन्हा उच्चारू शकतो, पण त्याचा अर्थ फोड करून सांगू शकत नाही. तिसऱ्या भागात शब्द बदलून विचारण्याची त्याला अधिक मोकळीक असते. दोन मिनिटे पूर्ण झाली की त्याने उमेदवाराला थांबवायचे असते, मग गोष्ट कितीही रंगात आलेली असो. त्या थांबवण्याने गुण कमी होत नाहीत. उलट, आजोबांच्या दुकानाविषयी पूर्ण दोन मिनिटे पुरेल इतके तिच्यापाशी होते, याचाच तो पुरावा असतो.

बँकेत एकाने नोंद केली की दुसऱ्याने तपासायची, ही रीत व्यापारी कुटुंबांना परिचित आहे. येथेही तशी सोय आहे. प्रत्येक मुलाखत ध्वनिमुद्रित होते. निकालाविषयी शंका असल्यास ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी मागता येते. त्या वेळी दुसरा परीक्षक गुण देतो आणि गुण बदलले तर फेरतपासणीची फी परत मिळते. वजनमापांवर ठराविक काळाने सरकारी छाप घ्यावी लागते, त्याप्रमाणे परीक्षकालाही दर दोन वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते.

आता तराजूत नेमके काय पडते ते पाहू. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकता आणि उच्चार, अशी ही चार पारडी असून चारही सारख्या तोलाची आहेत. प्रत्येकास ० ते ९ या श्रेणीत गुण मिळतात आणि त्यांची सरासरी काढली जाते. समजा, एखाद्याला ओघासाठी ६, शब्दांसाठी ६, व्याकरणासाठी ५ आणि उच्चारासाठी ७ मिळाले, तर बेरीज २४ आणि सरासरी ६. म्हणजे एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्याने काही अंशी भरून निघते. या चार खात्यांत मताला खाते नाही. उमेदवाराचे मत परीक्षकाला पटले की नाही, आजोबांचे दुकान मोठे होते की लहान, याला कोठेही गुण नाहीत. ते मत आणि ती माहिती त्याने इंग्रजीतून कशी पोचवली, एवढेच तोलले जाते.

उच्चाराविषयीचा गैरसमज मोठा आहे. इंग्रज किंवा अमेरिकन माणसासारखे बोलता आले पाहिजे, या समजुतीने कित्येक मुले जिभेला वळणे देतात आणि आधी समजत होते तेही समजेनासे करतात. परीक्षेला हवी असते सुबोधता. मराठी वळणाचे इंग्रजी ऐकणाऱ्याला विनासायास कळत असेल, तर केवळ ते वळण आहे म्हणून गुण कापले जात नाहीत. मेहनत घ्यावी ती इंग्रजी शब्दातील आघातावर. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे मिटल्यासारखे होतात; मराठी कानाला ही सवय नसते. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अवयवावर पडतो, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. असे लहान भेद सुबोधता वाढवतात.

व्याकरणाच्या चुकांनाही मराठीत मूळ सापडते. ‘ए’, ‘द’ या उपपदांसारखे मराठीत काही नाही, म्हणून ती गळतात. इंग्रजी क्रियापदाची रूपे मराठीच्या अंदाजाने बेतली की ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे वाक्य तयार होते. त्याहून खोल अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग. जो मुलगा आधी मनात मराठी वाक्य पूर्ण करतो आणि मग त्याचे भाषांतर करतो, त्याला दर वाक्याला थांबावे लागते. त्याच्याकडे ज्ञान असते, पण ते गोदामात असते. गल्ल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला तत्काळ देता येत नाही.

थांबण्याचाही एक बारकावा आहे आणि तो प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असा आहे. ‘काय सांगावे’ याचा विचार करण्यासाठी माणूस थांबतो आणि ‘कोणत्या शब्दात सांगावे’ हे शोधण्यासाठीही थांबतो. सर्वोच्च श्रेणीच्या वर्णनात पहिल्या प्रकारचे थांबणे मान्य आहे. मातृभाषेतही विचारी माणूस असाच थांबतो. ओघाला बाधा आणते ते दुसऱ्या प्रकारचे थांबणे. म्हणून भरभर बोलणे म्हणजे ओघ नव्हे. घाईने फेकलेल्या पन्नास वाक्यांपेक्षा एकात एक गुंफलेली वीस वाक्ये जड भरतात.

सर्वांत मोठे नुकसान होते ते पाठांतराने. बाजारात तयार उत्तरांच्या वह्या मिळतात. कोणताही विषय येवो, त्याला जोडता येईल असे गुळगुळीत परिच्छेद त्यांत असतात. परीक्षकाचा कान मात्र रोज बोलणे ऐकून तयार झालेला असतो. पाठ केलेल्या उत्तराची लय वेगळी असते. आवाज सपाट होतो, नजर छताकडे जाते आणि पुढच्या साध्या प्रश्नाला भाषेची पातळी एकदम खाली घसरते. श्रेणींच्या वर्णनात पाठ केल्यासारख्या वाक्यांवर विसंबणे हे खालच्या पातळीचे लक्षण मानले आहे. शिवाय तिसऱ्या भागात ‘असे का वाटते?’ म्हणून प्रश्न आला की वही कामास येत नाही. उसनवारीच्या भांडवलावर दुकान मांडता येते, पण पहिल्या मोठ्या मागणीला ते उघडे पडते.

मग तयारी कशाची करावी? घराच्या हाती यातले बरेच काही आहे. घड्याळ लावून एक मिनिट द्यावे. कागदावर वाक्ये लिहू न देता चार-पाच शब्दच टिपू द्यावेत. मग दोन मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे. मोबाइलवर ते मुद्रित करून मुलाला स्वतःचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकवावे. दुसऱ्या कोणी दाखवलेल्या चुकीपेक्षा स्वतःला ऐकू आलेली चूक लवकर सुटते. विषयही दूर शोधायला नकोत. दिवाळीच्या हंगामात दुकानात काय होते, एखादे जुने गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, आजीने कोणता पदार्थ कसा शिकवला, या विषयांवर मुलापाशी स्वतःचे सांगण्याजोगे असते. सांगण्याजोगे असले की शब्द शोधण्याची धडपड सार्थकी लागते. इंग्रजी न येणारे आजोबाही येथे उपयोगी पडतात. त्यांनी मराठीतून ‘का रे?’ एवढे विचारले आणि नातवाने इंग्रजीतून कारण दिले, तरी तिसऱ्या भागाचा सराव झाला. ऐकताना दर वाक्याला चूक काढण्याचा मोह मात्र आवरावा. परीक्षक गोष्ट मध्ये तोडत नाही, वेळ संपल्यावरच थांबवतो. घरातही तेवढी शिस्त पाळली जावी.

अनेक वर्षे इंग्रजी शिकूनही आपल्याकडील असंख्य मुले बोलायची वेळ आली की गप्प होतात. त्यांना भाषा येत नाही असे नसते. आपले बोलणे कोणी शेवटपर्यंत ऐकून घेईल, याची खात्री त्यांना नसते. या दृष्टीने पाहिले तर परीक्षकाची ती कोरडी वाटणारी खोली वेगळी भासू लागते. तेथे एक अपरिचित माणूस ११ ते १४ मिनिटे आपले सारे लक्ष एका मुलीच्या बोलण्याला देतो. तिच्या घराण्याचे नाव, वडिलांची उलाढाल, अंगावरचे कपडे यांचा धडा करून तो केवळ तिने पारड्यात घातलेले तोलतो.

म्हणून परीक्षा देऊन मुलगी घरी येईल तेव्हा परीक्षकाच्या चेहऱ्यावरून निकालाचा अंदाज बांधत बसू नये. निकाल यथावकाश येईल. बाबांनी तिला पाणी द्यावे, शेजारी बसवावे आणि विचारावे, ‘आजोबांच्या दुकानाविषयी काय सांगत होतीस? जिथे थांबवले, तिथून पुढे सांग.’