पाटी शाबूत, गाव गायब

जुन्या अंकांच्या फाइली मावेनात, म्हणून गेल्या वर्षी आम्ही ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि मूळ जागी सिम्बॉलिक लिंक ठेवली. टारचा बॅकअप रोज रात्री बिनतक्रार होत होता. मग ती दुसरी डिस्क बसली. बॅकअप उघडला, तर अंकांच्या जागी नुसती लिंक. टारला बोल लावण्यात अर्थ नाही. सांगितल्याशिवाय ते लिंकच्या पलीकडे जातच नाही.

१९८३ मध्ये ४.२ बीएसडीबरोबर युनिक्समध्ये आलेली ही सोय म्हणजे पत्ता लिहिलेली पाटी. ‘एलएस -एल’च्या ओळीत सुरुवातीला ‘एल’, शेवटी बाण आणि आकाराच्या रकान्यात त्या पत्त्याची लांबी. बाणापुढची फाइल ४० जीबीची का असेना, रकान्यात २२ बाइटच दिसतील.

तुटलेल्या लिंक्स शोधणे सोपे आहे. लिनक्सवर ‘फाइंड . -एक्सटाइप एल’. मॅक किंवा बीएसडीवर ‘फाइंड -एल . -टाइप एल’, त्यातला पहिला एल कॅपिटल. तो फाइंडला प्रत्येक लिंकमधून पुढे पाठवतो, आणि एवढे करूनही जी लिंकच उरते तिच्यापुढे गाव नसते. घोटाळा होतो तो स्क्रिप्टमध्ये. ‘टेस्ट -ई’ पाटी सोडून गाव बघते, म्हणून तुटलेली लिंक तिच्या लेखी नसतेच. स्क्रिप्ट ‘एलएन -एस’ने नवी लिंक करायला जाते आणि ‘फाइल आधीच आहे’ हे ऐकून परतते. तिथे ‘टेस्ट’ला कॅपिटल ‘-एल’ द्यावा.

पण आमची लिंक तुटलेली नव्हतीच. डिस्क बसेपर्यंत ती ठणठणीत होती, आणि वरच्या कुठल्याच आज्ञेने ती पकडली नसती. कामी आली असती ती साधी यादी: ‘फाइंड . -टाइप एल’ने सगळ्या लिंक्स काढायच्या, प्रत्येकीवर ‘रीडलिंक -एफ’ चालवायचे आणि बॅकअपच्या फोल्डरबाहेर जाणारे पत्ते वेगळे करायचे.

तुटलेल्या लिंक्स सापडल्या म्हणून लगेच ‘-डिलीट’ मात्र लावू नका. एखादी डिस्क माउंट व्हायची राहिली असेल, तर तिच्याकडे जाणारी प्रत्येक लिंक तुटलेलीच दिसते.

आज रात्रीचा बॅकअप सुरू होण्याआधी ही यादी काढा, आणि बाहेरच्या प्रत्येक पत्त्यापुढे त्याचा बॅकअप कुठे होतो ते लिहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथून कामाला लागा.