आरएफ जुळवण्याचे प्रॅक्टिकल

बरणीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर द्रावक, त्यात उभी केलेली सिलिकाची पट्टी आणि पेन्सिलच्या रेघेवरून हळूहळू वर चढणारा पिवळा ठिपका. हळदीचा अर्क असेल तर क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलच्या मिश्रणात त्या एका ठिपक्याचे तीन होतात. सर्वांत वर कर्क्युमिन, खाली त्याची दोन भावंडे. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये इतका देखणा प्रयोग क्वचितच असेल.

मग पट्टी बाहेर निघते आणि जर्नल उघडते. ठिपक्याने कापलेल्या अंतराला द्रावकाने कापलेल्या अंतराने भागायचे, की आला आरएफ. द्रावक ८ सेंटिमीटर चढला आणि ठिपका ४.८, तर ०.६. पुस्तकात ०.६ आहे आणि हाती ०.५२ लागला, तर पुढे काय करायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही. खोडरबर असतेच.

यात दोष मुलांचा कमी, गुणदानाचा जास्त. आरएफ हा काही द्रवणांकासारखा पदार्थाचा स्वतःचा आकडा नव्हे. सिलिका हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात कोकणात आणि उन्हाळ्यात विदर्भात तीच पट्टी वेगळी वागू शकते. मेथॅनॉल थोडे जास्त पडले की ठिपके वर पळतात. बरणी झाकून आत वाफ भरू दिली की नाही, यानेही आकडा हलतो.

मुळात ही पट्टी आली ती तपासणीसाठीच. १९३८ साली खारकीव्हमध्ये इझमायलोव्ह आणि श्रायबर यांनी वनौषधींचे अर्क तपासण्यासाठी काचेवर पातळ थर देऊन पाहिला. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी सिलिका आणि थर प्रमाणित करून दिले, तेव्हा कुठे ही पद्धत सर्वत्र रुळली. तरीही औषध तपासणारा जाणकार एकट्या आकड्यावर विसंबत नाही. तो त्याच पट्टीवर शुद्ध नमुना शेजारी चढवतो. दोन्ही ठिपके वेगवेगळ्या उंचीवर थांबले, तर पदार्थ वेगळे. एकाच उंचीवर थांबले, तरी दुसऱ्या द्रावकात पुन्हा पडताळणी करतो.

तेव्हा विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी एवढे करावे: ०.५२ ला पूर्ण गुण द्यावेत, पण शेजारी शुद्ध नमुना नसेल आणि द्रावकाचे प्रमाण लिहिलेले नसेल, तर ०.६ लाही देऊ नयेत.