चालता-बोलता गेले म्हणताना...

मार्चअखेरचे दिवस होते. खाती जुळवत आम्ही बँकेत रात्री नऊपर्यंत बसलो होतो. आमचे हेड कॅशियर जिना चढून वर आले, खुर्चीपाशी थबकले आणि कोसळले. वय ५३. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी पंखा वाढवला, कँटीनच्या पोऱ्याने कांदा फोडून नाकाशी धरला. मी डॉक्टरांना फोन लावत राहिलो. डॉक्टर वीस मिनिटांत आले, पण तोवर सारे संपले होते. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, ‘पुण्यवान माणूस. चालता-बोलता गेले!’ मीही म्हणालो.

नव्वदीच्या आजोबांबद्दल असे म्हणणे एक वेळ ठीक. पण ज्याच्या मुली अजून शाळेत जात आहेत, त्याचे मरण ‘भाग्याचे’ कसे? त्या समाधानाच्या आड आपले अज्ञान लपते, हे मला फार उशिरा कळले.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक बंद पडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो. हृदय बंद पडते तेव्हा बिघाड बहुतेकदा त्याच्या विजेत असतो. ठोक्यांची लय विस्कटते, हृदय नुसते थरथरते, मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. झटक्यातूनही हे घडू शकते. प्रौढ वयात मूळ कारण बहुधा तुंबलेल्या रक्तवाहिन्यांचे असते. तरुणांत हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड असणे किंवा लयीचा जन्मजात दोष असणे, अशी कारणे आढळतात.

अशा वेळी काहीच केले नाही, तर दर मिनिटाला जगण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे वीस मिनिटांनी येणारा डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याच्या हाती काय उरणार? पहिली मिनिटे जवळच्या माणसांचीच असतात. छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते, हे १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील ज्या तिघांनी जगापुढे मांडले, त्यांतले कौवेनहोवन हे वैद्य नव्हे, विद्युत अभियंता होते! १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कोसळला. तिथेच छातीवर दाब आणि विजेचा धक्का मिळाला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

माणूस हाक मारून ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ला फोन करायला एकाला सांगावे. पाणी पाजू नये. त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल जोरात दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

अर्थात, त्याआधीही पुष्कळ करता येते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवी, तंबाखू-सिगारेट सुटायला हवी. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, किंवा पळताना-खेळताना कुणाला भोवळ येत असेल, तर हृदयाची तपासणी टाळू नये. जिना चढताना छाती भरून येणे म्हणजे ‘गॅसेस’च, हे आपले आपण ठरवू नये. आमचे हेड कॅशियर आठवडाभर तीच तक्रार करत होते. आम्ही त्यांना सोडा प्यायला सांगितला होता.

निवृत्तीनंतर साठीत मी हे छाती दाबण्याचे शिक्षण घेतले. एक दुपार पुरली. आपल्या सोसायटीत, मंडळात, कचेरीत असा वर्ग जरूर भरवावा. त्या रात्री आम्ही अकराजण त्यांच्याभोवती उभे होतो. हात बावीस होते. काय करायचे, ते एकालाही ठाऊक नव्हते.