मुक्काम

कचेरीतल्या कामाला मी कधी ‘नाही’ म्हटलं नाही. फायली घरी आणायच्या, रविवारीही उघडायच्या आणि वर त्याचाच अभिमान! एका आषाढात अंगातलं बळच सरलं. डॉक्टरांनी रजा लिहून दिली आणि मी अंथुर्ण्याला घरी आलो.

बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी त्या दिवशी गावात मुक्कामाला होती. ओसरीवर सत्तरीच्या एक आजी पाय चोळत बसल्या होत्या. “माउली, एवढं झेपतं कसं?” मी विचारलं. त्या हसल्या, “मुक्काम आला की टेकायचं, बाबा. उद्याची वाट आज चालायची न्हाई.”

पालखीची ही प्रथा १६८५ पासूनची. पंढरी लांब आहे म्हणून वारकरी रात्रभर चालत नाही. मुक्काम ठरलेले असतात. तग धरण्याचं बळ त्या शिस्तीतच आहे.

तेव्हापासून फायली कचेरीतच ठेवू लागलो. साहेब कुरकुरले, बढती लांबली. काम मात्र अडलं नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला ही निवड नसते, हे मी जाणतो. पण ज्यांना आहे, त्यांनी तरी आपला मुक्काम का चुकवावा?