शंभर, पन्नास, वीस, दहा. आणि पुन्हा वीस

भोसरी किंवा चाकणच्या आतल्या गल्लीत पत्र्याची एक शेड घ्या. आत चार पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन आणि चौदा-पंधरा माणसे. काम मोठ्या गाडीच्या छोट्या भागाचे. पाळीला किती नग निघाले यावर ठेकेदाराची मर्जी ठरते. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय स्ट्रोक बसत नाही. पण त्याने नग कमी निघतात, म्हणून एक बटण कायमचे दाबून बांधलेले असते किंवा कामाला पायपट्टी लावलेली असते. क्लच झिजलेला असला तर प्रेस आपणहून दुसरा स्ट्रोक मारते. बोटे अशी जातात.

या शेडीला कायदा 'कारखाना' मानतो का, हा प्रश्न वकिली वाटेल. पण दीडशे वर्षे सगळे भांडण याच प्रश्नाभोवती फिरते आहे.

भारतातला पहिला कारखाना कायदा 1881 चा. तो शंभर किंवा त्याहून जास्त माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. धोकादायक यंत्राला कुंपण घाला आणि सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नका, ही त्याची मुख्य झेप. (मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरला खुपत होती, म्हणून तिकडून या कायद्याचा आग्रह झाला हेही खरे. कामगाराच्या भल्याचे कायदे बऱ्याचदा असे भलत्याच दाराने आत येतात.) 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती या मागण्या आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. ती आपण विसरलो.

1891 मध्ये शंभराचे पन्नास झाले, 1922 मध्ये वीस. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेसाठी हा आकडा दहावर आणला, विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी वीस ठेवला. यंत्राला गार्ड, धूळ-धुराचा निचरा, टाकीत उतरण्याआधीची तपासणी, आठवड्याला 48 तास, जादा कामाला दुप्पट मजुरी ही कलमे त्या दहा जणांपर्यंत पोचली. प्रत्येक घसरणीमागे एकच समज होती, की लहान जागेत माणूस कमी मरत नाही.

आता आकडा उलटा चढला आहे. राजस्थान, महाराष्ट्र यांसारख्या राज्यांनी आधीच वाट काढली होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती देशभर पक्की केली आणि नोव्हेंबर 2025 पासून ही संहिता अमलात आली. कारखाना म्हणजे आता विजेवर चालणारी वीस माणसांची, विजेशिवाय चाळीस माणसांची जागा. दहा माणसांच्या आस्थापनेवर मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये राहतात, नेमणूकपत्र प्रत्येकाला मिळायचे आहे, वार्षिक आरोग्य तपासणीही आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण कारखान्यासाठीची खास कलमे आपल्या शेडीच्या डोक्यावरून जातात.

भोपाळनंतर 1987 च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती सक्तीची झाली, माणसे कितीही असोत. त्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. संहितेत ही समिती सरकारच्या आदेशावर अवलंबून आहे. डोंबिवलीत 2016 आणि 2024 मध्ये रासायनिक कंपन्यांत स्फोट झाले, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. ते धोके माणसांच्या संख्येने मोजता आले नसते.

लहान उद्योजकाची बाजूही ऐकायला हवी. निरीक्षक येतो, पाकीट घेतो आणि जातो. गार्ड तसाच निघालेला राहतो. ही तक्रार खोटी नाही. पण लाचखोर तपासनीस नको म्हणून तपासणीच नको, हे तर्कट झाले. नव्या निरीक्षकाच्या नावाला 'सुविधाकार' जोडले आहे आणि तपासणीची जागा संगणक निवडतो. यंत्राचा क्लच संगणकाला दिसत नाही. भारताने 1949 मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 81 क्रमांकाचा करार पूर्वसूचनेशिवाय आत जाण्याचा अधिकार निरीक्षकाला देतो. तो अधिकार कागदावर असून भागत नाही.

मोजणीची लबाडी वेगळीच. एकाच शेडीत दोन फर्मची नावे, ठेकेदाराची माणसे हजेरीपटावर नाहीत, की आकडा उंबरठ्याखाली. कायद्याने ठेकेदाराचा माणूसही मोजायचा असतो. वाहन उद्योगातल्या जखमींसोबत काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' संस्थेच्या अहवालांत एक गोष्ट वारंवार येते: कामगार विम्याचे कार्ड अनेकांच्या हाती अपघातानंतर पडते. म्हणजे बोट जाईपर्यंत तो माणूस कागदावर नव्हताच.

आणि याच सुमारास, सप्टेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा करण्यास आणि तिमाहीतले जादा काम 115 तासांवरून 144 करण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगतात. उद्या काम मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याची संमती किती वजनाची? अकराव्या तासाला हात सावकाश मागे येतो. प्रेस सावकाश येत नाही.

जीवघेण्या कामाच्या जागेला, माणसे कितीही असोत, संहिता लागू करण्याची सोय संहितेतच आहे. केंद्राने तसे काम अधिसूचित केले की झाले. पॉवर प्रेसचे काम त्या यादीत घालावे, ही मागणी कामगार संघटनांनी आणि राज्याच्या कामगार खात्याने आत्ताच केंद्राकडे लावून धरावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.